वर धूर न्यायचा नाही

आये,

तुझ्या नातीला लघवी होत नाहीये. इथले डॉक्टर त्याला इंग्रजीत काहीतरी लांबलचक म्हणतात, नर्सबाई 'आऊटपुट नाही' म्हणतात, पण तुला कळेल अशा शब्दांत सांगायचं तर गोष्ट एवढीच आहे. कर्नाळ्याच्या सुळक्यावरच्या आग्यामाश्या तिला चावल्या. डोक्यात, कानांच्या मागे, पापण्यांवर, केसांच्या मुळांत. त्यांचं विष रक्तात गेलं, रक्तातून किडनीत गेलं आणि किडन्यांनी काम सोडलं. आता मशीनला जोडून तिचं रक्त बाहेर काढतात, धुतात आणि परत आत घालतात. पलंगाखाली एक प्लास्टिकची पिशवी लटकवलेली आहे. पहिल्या दिवशी तिच्यात कोऱ्या चहाच्या रंगाचं थोडं उतरलं होतं, त्यानंतर पिशवी कोरडी. आत सोडतात तेव्हा मी आधी तिच्या तोंडाकडे बघत नाही, वाकून पिशवीकडे बघते. तोंडाकडे बघवत नाही हेही खरं आहे. सुजून तुझ्यासारखं झालंय, त्या दिवशी तुझं झालं होतं तसं.

हे मी पनवेलच्या एका हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसमोरच्या बाकावर बसून लिहितेय. दुपार आहे. तुझा जावई खाली पार्किंगमध्ये बसून असतो. एवढा मोठा ट्रेलर बंदरातून चालवत आणणारा माणूस, पण वर आला की लगेच परत जिन्याकडे वळतो, म्हणून मीच त्याला सांगितलं, तुम्ही खालीच बसा. माझ्या पर्समध्ये ब्लाऊजची मापं लिहायची वही होती, तिचीच पानं फाडून लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. पण बोलू कोणाशी? इथे प्रत्येक जण मला धीर देतो आणि धीर दिला की माझं तोंड बंद होतं. तू कधी कोणाला धीर दिला नाहीस. तू नुसती शेजारी बसून काकड्या सोलायचीस.

तुझी ती अर्ध्या वाटेवरची जागा मला आता सारखी दिसते. देवीचं देऊळ मागे टाकून चढ सुरू झाला की माणसं जिथे पहिल्यांदा कमरेवर हात ठेवून उभी राहतात, तिथे ऐनाच्या झाडाखाली तू बसलेली असायचीस. पुढे ओल्या फडक्यावर काकड्या, एका डब्यात मीठ-मिरची, हंड्यात लिंबाचं सरबत. उन्हाळ्यात करवंदं. रविवारी मुंबईहून, ठाण्याहून माणसं यायची. पाठीला पिशव्या, डोक्याला रुमाल, तोंडात गाणी. किल्ला लहान, हायवेला लागून, सकाळी चढावं आणि दुपारच्या जेवणाला घरी पोचावं असा, म्हणून त्यांना आवडायचा. मोठा डोंगर चढायला छाती लागते, या डोंगराला नुसती सुट्टी लागते, असं त्यांच्यातलाच एक जण म्हणाला होता. तुला त्याचं फार हसू आलं होतं. तुला सुट्टी हा शब्दच गमतीचा वाटायचा. आपल्या वाडीतलं कोणी वर जायचं ते लाकडांना, नाहीतर गुरांमागे, नाहीतर तुझ्यासारखं विकायला. काही काम नसताना वर जाणाऱ्या माणसांचं तुला शेवटपर्यंत कोडं राहिलं.

"वर हाय तरी काय रे तुमचं?" असं तू त्यांना विचारायचीस. ते बिचारे इतिहास सांगायला लागायचे. कोणी बांधला, कोणी घेतला, कोणी परत घेतला, बोरघाटातून बंदराकडे जाणारी वाट इथून कशी दिसायची. तू अगदी मन लावून ऐकायचीस आणि शेवटी म्हणायचीस, मंग काकडी घेनार का? आणि कोणी उलटं तुलाच विचारलं, मावशी, किल्ला किती जुना, तर तुझं उत्तर ठरलेलं, आमच्या आधीचाच हाय. त्यावर ते हसायचे आणि मला मात्र लाज वाटायची. मी आश्रमशाळेत जात होते, मला वाटायचं माझ्या आईला काहीच येत नाही. आज लिहिताना कळतंय की तू त्यांची टर उडवत होतीस. एवढं कळायला मला किती वर्षं लागली बघ.

पण एका गोष्टीत तू कधी थट्टा केली नाहीस. वर धूर न्यायचा नाही. विडी ओढायची ती ऐनाच्या झाडाखालीच, उदबत्ती लावायची ती खाली देवीपाशीच. वर दरवाजाच्या आत, सुळक्याच्या पोटाशी, तिथे काडी ओढायची नाही. सुळक्याच्या अंगाला काळी काळी मोहोळं लटकलेली असतात, माणसं ती फोटोत काढतात आणि विसरतात. एकदा एका बाईने जाताना मला अत्तराची छोटी बाटली दिली होती. मी ती मानेला, मनगटाला, फ्रॉकला लावली आणि मिरवत तुझ्याकडे चढून आले. तू वास घेतलास आणि उठलीस. सगळ्या माणसांसमोर मला धरलंस, ओली माती घेऊन माझ्या मानेला फासलीस, खसाखसा चोळलीस आणि पाठीत एक धपाटा घातलास. मी रडत होते, ती माणसं म्हणत होती, अहो मावशी, लहान आहे. तेव्हा तू म्हणालीस, "वर त्यांचं घर हाय. दुसऱ्याच्या घरात जाऊन कोन चूल पेटवतं का?" मला तेव्हा कळलं नाही अत्तराचा आणि चुलीचा काय संबंध. मी ती बाटली ओढ्यात फेकली आणि तुझ्याशी बोलायचं बंद केलं. रात्री जेवताना तू माझ्या ताटात बोंबलाचा मोठा तुकडा वाढलास, तेवढ्यावर मिटलं.

आणि मग गोधडीचा दिवस. मी तेव्हा सातवीत असेन. एक मोठा ग्रुप आला होता, त्यांना वर पाणी हवं होतं, म्हणून तू हंडा घेऊन वर गेलीस आणि मी पेले घेऊन मागे. थंडीची सकाळ, तुझ्या खांद्यावर ती जाड गोधडी. तुझ्या आणि आजीच्या जुन्या लुगड्यांची, लाल दोऱ्याच्या टाक्यांची. वर कोणीतरी सिगरेट पेटवली. आधी आवाज आला. कापडाचा मोठा तागा टरटर फाडावा तसा. मग सगळे पळायला लागले. तू हंडा टाकलास, मला पाण्याच्या टाक्यांकडच्या, कातळात कोरलेल्या खोलीत ढकललंस, आणि मी आतून पाहिलं, एक जाडा माणूस उघड्यावर पडला होता, नुसत्या बनियनवर. तू त्याच्यावर गोधडी टाकलीस आणि तिच्या कडा दाबून वर स्वतः पालथी झालीस. तुझं डोकं बाहेर होतं. नंतर घरी आल्यावर तुझे डोळे दोन दिवस उघडले नाहीत. तू चाचपडत चुलीपाशी यायचीस आणि हसायचीस. मला म्हणायचीस, बाय, माझं तोंड कसं दिसतं सांग ना, नवरीवानी दिसतं का? मी हसून हसून लोळायचे. मी तुला नंतर विचारलंही होतं, त्याच्यावर का टाकलीस, तो आपला कोण? तू म्हणालीस, ज्याच्या अंगावर कापड कमी त्याच्यावर टाकायची, त्यात इचारायचं काय.

आये, ही गोष्ट मी तुझ्या नातीला सांगितली. एकदा नाही, ती झोपायची नाही तेव्हा रोज. तू गेलीस तेव्हा ती रांगत होती, तिला तुझ्यातलं काही आठवत नाही. तिला तू या गोष्टीतूनच मिळालीस. ती गाल फुगवायची आणि म्हणायची, आई, आजी नवरी कशी झाली ते सांग. आणि मी सांगायचे. जशी पाहिली तशी सांगायचे, म्हणजे हसणारी. मी लहान होते, मला तुझं हसणंच दिसलं होतं. आता या बाकावर बसून मी तुला विचारतेय, मनापासून विचारतेय, त्या दोन दिवसांत तुला लघवी होत होती का? तू कोणाला सांगितलं नसतंस, मला माहीत आहे. काल डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला किडनीचा त्रास होता का. मी नाही म्हणाले. मग जिना उतरताना मला तुझे पाय आठवले. शेवटच्या वर्षांत सुजायचे, संध्याकाळी बोटाने दाबलं तर खळगा पडायचा, आणि आपण म्हणायचो चढ-उतार करून सुजतात. मी कठड्याला धरून तिथेच उभी राहिले. ते चढण्याने नसेल तर काय असेल? आणि मग लगेच दुसरा विचार आला, असेना का, पण तेवढ्या विषातून तू पुढे कितीतरी वर्षं जगलीस. माझं लग्न केलंस, नातीला पाहिलंस. मी तुझ्या सुजलेल्या पायांना आता आशेसारखं धरून बसलेय. माणूस कशाला धरेल काही सांगता येत नाही.

तुला तुझी नात आवडली असती. तिला डोंगराचं वेड कुठून लागलं असं सगळे विचारतात. मी तर वाडी सोडून पनवेलला आले ती परत चढ नको म्हणूनच. मशीन घेतलं, ब्लाऊज शिवायला लागले, बिल्डिंगमधल्या बायका यायला लागल्या. ही कॉलेजला गेली आणि रविवारी सकाळी गायब व्हायला लागली. मग एक दिवस माझ्याच गिऱ्हाइकांना घेऊन निघाली. आठवड्यातून एकदा फॉल-बिडिंगला येणाऱ्या बायका, गुडघे दुखतात म्हणणाऱ्या, कधी नवऱ्याशिवाय रिक्षात न बसलेल्या. ती म्हणायची, काकू, कर्नाळा छोटा आहे, तुम्ही दोनच्या आत घरी, भाकऱ्या तुमच्याच हातच्या खातील सगळे. त्या नव्या बुटांत पाय घालून, साडी खोचून, कोणी मुलीचा ट्रॅकसूट चढवून निघायच्या. तुझ्या जागेपाशी ती सगळ्यांना बसवायची, काकडी द्यायची आणि तुझं नाव सांगायची. चढायच्या आधी प्रत्येकीच्या पिशव्यांतून सेंटच्या बाटल्या काढून घ्यायची, गजरेसुद्धा. आणि तिच्या पाठीवरच्या पिशवीत सगळ्यात खाली तुझी गोधडी. बायका हसायच्या, काय ग, वर झोपणार आहेस का? ती म्हणायची, आमच्या आजीचा नियम आहे.

एकदा मलाही जबरदस्तीने नेलं. मी कितीतरी वर्षांनी चढत होते आणि माझ्या डोक्यावर काही नव्हतं, कमरेला काही नव्हतं. हातांचं काय करावं तेच कळेना. वर पोचलो, तिने मला दगडावर बसवलं आणि बोटाने दाखवायला लागली, तो प्रबळ, तो माणिकगड, ते तिकडे पाणी चमकतंय ती खाडी, ते विमान उतरतंय ते आपलं नवीन विमानतळ. खाली झाडीत धनेश पक्षी ओरडत होते. बाकीच्या बायका बूट काढून पाय पसरून बसल्या होत्या आणि एकही बोलत नव्हती. एरवी माझ्या मशीनपाशी त्यांची तोंडं मिटत नाहीत. मी तिला तुझा प्रश्न विचारला, इथे आहे तरी काय ग? ती म्हणाली, "काही नाही, आई. म्हणून तर यायचं. खाली सगळीकडे काहीतरी असतंच." मला वाटलं तुला हे ऐकवावं. तू काय म्हणाली असतीस कोण जाणे, बहुतेक काकडी पुढे केली असतीस.

आता त्या दिवशीचं सांगते. शिवजयंतीचा दिवस. तुला माहीत आहेच, त्या दिवशी गावोगावची पोरं गडावरून ज्योत नेतात, मशाल पेटवायची आणि पळत पळत गावापर्यंत न्यायची. ही आपल्या बायकांना घेऊन सकाळीच निघाली होती. देवीच्या देवळापाशी तिला एक मंडळ भेटलं, आठ-दहा पोरं आणि त्यांचा म्होरक्या, माझ्या वयाचा, रिक्षा चालवणारा माणूस. अनवाणी, डोक्याला भगवा फेटा, अंगात पातळ सदरा. हिने त्यांना हात जोडून सांगितलं, काका, वर मोहोळं भरलेली आहेत, ज्योत इथे देवीपाशी पेटवा. तेलाचे बोळे वर न्या, गडाच्या दगडाला लावा, आणि खाली येऊन पेटवा, गडाचीच होईल. ते हो म्हणाले. वनखात्याच्या चौकीवर पिशव्या तपासल्या होत्या, पण काडेपेटी फेट्यात होती. वर गेल्यावर त्याचं मन मानेना. हे त्याने स्वतः मला सांगितलं. इतकी वर्षं ज्योत गडावरच पेटली, बापानेही तिथेच पेटवली, मग आपण पायथ्याला पेटवलेली ज्योत गावाला कशी दाखवायची? त्याने महाराजांचं नाव घेतलं आणि काडी ओढली. रागावून नाही, माजाने नाही. भक्तीने ओढली. त्याचाच मला जास्त संताप येतो, कारण त्याला शिव्या द्यायला मला जागाच सापडत नाही.

ही तेव्हा बायकांना घेऊन उतरायला लागली होती. पायऱ्यांखाली पोचली तेव्हा तेलाचा धूर आला. तिने बायकांना झाडीतून खाली पाठवलं आणि स्वतः परत वर गेली. बायका सांगतात, आम्ही हाका मारल्या, तिने मागे पाहिलं नाही. पोरं पळाली होती. तो अनवाणी माणूस पायऱ्यांवर पडला होता. तिने पिशवीच्या तळातून गोधडी काढली आणि त्याच्यावर टाकली, आणि कडा दाबून वर पालथी झाली. पुढचं तुला माहीत आहे. ते मी तिला रोज सांगत होते.

तो माणूस रोज इथे येतो. लिफ्टपाशी उभा राहतो, बसत नाही. पहिल्या दिवशी तुझा जावई त्याच्या अंगावर धावून गेला, वॉचमनने सोडवलं. तरी दुसऱ्या दिवशी आला. त्याच्या हातावर, पायांवर सुजेचे लाल चट्टे आहेत. मी त्याच्याकडे न बघता बसायचे. काल तो जवळ आला आणि उभ्यानेच बोलायला लागला. "ताई, चुकलं माजं," म्हणाला. "मी आत होतो, तिनी बाहेरून धरलं होतं. मी उठाया बघत होतो, तर म्हनाली, हलू नका काका. येवढंच. मंग काय बोलली नाय." त्याचं नाक गळत होतं आणि तो ते पुसत नव्हता. मला वाटलं, आता याला असं काहीतरी विचारावं, की त्याला रात्री झोप येऊ नये. मी विचारलं, "तुमची ज्योत पोचली का गावाला?"

त्याने सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं. मग म्हणाला, "पोचली, ताई. वरची इझली होती. पोरांनी खाली देवळापाशी पुन्ना पेटवली. तितूनच नेली."

आये, तिने सांगितलं होतं तिथेच पेटली. गावाने ओवाळली असेल, पोरांच्या गळ्यात हार घातले असतील. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. तिथे मी देवीकडे जे मागितलं ते तुला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. मी म्हणाले, याला घे. गोधडीखालच्याला घे आणि गोधडीवरचीला सोड. तुझा हिशेब तसाच होता, मधे माझी पोर आली, आता तो सरळ कर. खणा-नारळाने ओटी भरीन म्हणाले, आयुष्यभर शिवणाच्या मशीनवर बसणार नाही म्हणाले, काय वाटेल ते म्हणाले. तोंड धुऊन बाहेर आले तर तो तिथेच उभा. त्याचा डावा हात कोपरापर्यंत तटतटून लाल झाला होता. आणि माझ्या तोंडून निघालं, हात दाखवलात का डॉक्टरला? तो म्हणाला, नाय. मी त्याला खालच्या मजल्यावर पाठवलं आणि तो खरोखर जातोय की नाही हे जिन्यावरून वाकून पाहिलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्या पोटात होत्या. तुझ्या पोटात असं कधी झालं होतं का? त्या बनियनवाल्या माणसाला तू कधी शाप दिला होतास का, रात्री, मी झोपल्यावर?

जाताना त्याने बाकावर एक पिशवी ठेवली होती. आत तुझी गोधडी. त्याच्या बायकोने धुवून, वाळवून, इस्त्री फिरवून घडी केली होती. एका कडेला कापड फाटलं होतं, तिथे तिने काळ्या दोऱ्याने टाके घातलेत. बरे घातलेत, मी शिवणारी आहे, मला कळतं. मी गोधडी नाकाशी नेली. आये, तिच्यात तुझा वास होता. इतकी वर्षं मी ती कधी धुतली नव्हती, उन्हात नुसती घालायचे. चुलीचा, काकडीचा, तुझ्या डोक्याच्या तेलाचा, सगळा मिळून एक वास होता, पुसट पण होता. आता तिला पावडरचा वास येतो, बाजारातल्या निळ्या पावडरचा. मला या सगळ्या दिवसांत एकदाही रडू आलं नव्हतं. पोरीला मशीनला जोडलेली पाहिलं तेव्हा नाही, डॉक्टर म्हणाले काही सांगता येत नाही तेव्हा नाही. त्या पावडरच्या वासाला मी रडले. नर्सबाई धावत आल्या, त्यांना वाटलं आतून काही कळलं. मी त्यांना काय सांगणार, माझी आई धुतली गेली म्हणून?

मी वर धूर न्यायचा नाही म्हणून तिला शिकवलं, आणि ज्याच्या अंगावर कापड कमी त्याच्यावर टाकायची म्हणूनही शिकवलं. दोन्ही तुझंच. पहिलं तिने पाळलं, त्या माणसाने पाळलं नाही, आणि दुसरं तिने एकटीने पाळलं. तुझे नियम दोन-दोन माणसांनी पाळायचे होते, ते तू मला सांगितलं नव्हतंस. मी तुझ्यावर चिडलेय. तू समोर असतीस तर भांडले असते, त्या अत्तराच्या दिवसासारखा अबोला धरला असता. आता कोणाशी अबोला धरू? तिच्या बायका विचारतात, आम्ही वर गडावर जाऊन धूप लावू का तिच्यासाठी. मी ओरडलेच त्यांच्यावर. मग त्या नुसतं पाणी घेऊन गेल्या, तुझ्या झाडाखाली ओतून आल्या. त्यातली एक म्हणाली, ती उठली की आम्ही पहिल्या तिच्याबरोबर जाणार. आणि मी मनातल्या मनात म्हणाले, नाही जाऊ देणार. मग म्हणाले, जाऊ दे, हजारदा जाऊ दे, नुसती उठू दे.

मघाशी आत सोडलं होतं. मी वाकून पिशवीकडे पाहिलं. तळाशी ओल होती. थेंब म्हणावेत इतकंच, पण ओल होती. मी नर्सबाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या, यावर काही धरून बसू नका, नळीतलं पाणीही असेल. मी तिच्या पायांवर गोधडी घालू का विचारलं, त्या म्हणाल्या, बाहेरचं कापड आत चालत नाही. मग मी तिच्या सुजलेल्या कानाशी जाऊन म्हटलं, बाय, तुझं तोंड कसं दिसतं सांगू का, नवरीसारखं दिसतं. तिच्या पापण्या उघडत नाहीत. ओठ हलला असं मला वाटलं. मला हल्ली काहीही वाटतं.

हे पत्र घडी करून गोधडीच्या पिशवीत ठेवतेय. पाठवायचं कुठे, आणि तुला वाचून कोण दाखवणार? तुझ्या ऐनाच्या झाडाखाली बसून मोठ्याने वाचावं लागेल, तेही काकडी खाता खाता, नाहीतर तू ऐकायची नाहीस. ते काम तुझ्या नातीचं. देवीकडे मी जे मागितलं तेवढं वाक्य तिने गाळलं तरी चालेल, किंवा वाचलं तरी चालेल. तोवर पत्र इथेच राहील. मला वाचता येतं, आये. तूच मला शाळेत घातलंस. पण मी वाचणार नाही.